नीट म्हणजे नेमकं कसं? वाइनच्या पिंपातली सिंगल माल्ट चाखताना

सर, जावयानं दुबईहून परतताना विमानतळावर रामपूरची, वाइनच्या पिंपात मुरवलेली एक सिंगल माल्ट व्हिस्की घेतली, उदगीरला येऊन तुमच्या हातात ठेवली आणि त्याच संध्याकाळी सासरे-जावयात वाजलं. तुम्ही चाळीस वर्षांच्या सवयीनं बर्फ टाकला, वर सोडा ओतला. जावई कळवळले: सिंगल माल्ट नीटच, म्हणजे काहीही न मिसळता, प्यायची असते, तिच्यात पाण्याचा थेंब घालणं म्हणजे तिचा अपमान. मग त्यांच्या शब्दाखातर तुम्ही एक नीट घोट घेतला, तर घसा पेटला आणि 'पेन्सिल चघळल्यासारखं' तुरट लागलं. आता पत्रातून विचारताय की दोघांत बरोबर कोण, वाइनच्या पिंपाचं एवढं कौतुक कशाचं, आणि यात वाइन मिसळलेली असते का.

वाइन मिसळलेली नसते. दोघांत बरोबर कोण याचं उत्तर लांबचं आहे, पण एवढं आधीच सांगतो: पाणी घालायला हवं, पण पहिल्या घोटाला नाही आणि ग्लास भरेपर्यंतही नाही. सोडा मात्र तुमची चूकच.

माझं नाक या धंद्यात पंचवीस वर्षं राबलंय. संभाजीनगरच्या एमआयडीसीत एका मद्य कारखान्याच्या तपासणी टेबलावर मी होतो. सकाळी अकराच्या सुमाराला, नाश्ता होऊन दीड-दोन तास उलटल्यावर, दहा-बारा छोटे ग्लास समोर मांडलेले असत. हुंगायचं, लिहायचं, क्वचित तोंडात घेऊन थुंकायचं. लोकांना वाटायचं हा माणूस दिवसभर पितो. खरं तर त्या टेबलावर एक थेंबही गिळला तर पुढचे नमुने वाया. पहिल्याच महिन्यात मी घरून भाकरीबरोबर कच्चा कांदा खाऊन गेलो होतो. आमच्या वरिष्ठांनी मला दारातच थांबवलं आणि म्हणाले, "आज तुमचं नाक सुट्टीवर आहे, तुम्ही नोंदवहीच लिहा." त्यानंतर कामाच्या दिवशी सकाळचा कांदा कायमचा सुटला.

आमचा बहुतेक माल मळीच्या अल्कोहोलचा. आपल्याकडे 'व्हिस्की' म्हणून जी स्वस्त बाटली मिळते, तिच्यात बव्हंशी उसाच्या मळीचं किंवा धान्याचं शुद्ध अल्कोहोल असतं आणि त्यात थोडा माल्ट. त्या अल्कोहोलला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, म्हणून तिच्यात सोडा, बर्फ, लिंबू, काहीही खपतं. तुमची सवय त्या मालावर घडलेली आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सिंगल माल्ट हे वेगळं प्रकरण. फक्त मोड आणून वाळवलेलं जव, एकाच डिस्टिलरीचं, तांब्याच्या पॉट स्टिलमधून, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या भांड्यातून काढलेलं आणि मग काही वर्षं ओकच्या पिंपात मुरलेलं. तिच्यातला वास हाच तिचा ऐवज. तो उडवून लावायचा असेल तर तीनशे रुपयांची क्वार्टर काय वाईट?

नावाचा घोळही मिटवू. बाटलीवरचं नाव जावई 'असावा' असं वाचतात, असं तुम्ही लिहिलंय. इंग्रजी अक्षरांवरून वाचलं की तसंच होतं, आणि 'जावई असावा तर असा' हा तुमचा शेरा मला आवडला. पण शब्द आपलाच आहे: आसव. द्राक्षासवातला. ढोबळ मानानं, काढा न करता आंबवतात ते आसव आणि काढा करून आंबवतात ते अरिष्ट. व्हिस्की त्या व्याख्येत बसत नाही, कारण ती आंबवून थांबत नाही, पुढं तिचं ऊर्ध्वपातन होतं. पण नावामागचा विचार कळतो. ही माल्ट आधी बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपात मुरते आणि शेवटी कॅबर्ने सोविन्याँ या लाल द्राक्षाच्या भारतीय वाइनच्या पिंपात काही काळ ठेवतात. द्राक्षाचा संबंध तिथं येतो.

या शेवटच्या मुक्कामाला धंद्यात 'फिनिश' म्हणतात. मला त्यासाठी साडीचं उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं. सूत आणि वीण मूळची, रंग नंतर चढवलेला. रंग पक्का की कच्चा हे दुकानातल्या दिव्याखाली कळत नाही, पहिल्या धुण्यात कळतं. आपल्या आया नवी साडी आणली की मिठाच्या पाण्यात वेगळी भिजवायच्या, घरातल्या धोतरांबरोबर टाकायच्या नाहीत. वाइनच्या पिंपातली व्हिस्की मी अगदी तशीच तपासतो. नीट घोट म्हणजे दुकानात पाहिलेली साडी. पाणी म्हणजे पहिलं धुणं. म्हणूनच इतर कुठल्याही माल्टपेक्षा या प्रकारच्या माल्टला पाणी जास्त गरजेचं, असं माझं मत आहे. तिच्यात दोन थर आहेत आणि ते एकमेकांत मुरलेत की नुसते एकावर एक बसलेत, हे नीट पिऊन पुरतं समजत नाही.

आता हे थर येतात कुठून ते बघू. बर्बनच्या कायद्यात पिंप दर वेळी नवं आणि आतून जाळलेलं लागतं. त्यामुळं अमेरिकेत साधारण २०० लिटरची वापरलेली पिंपं ढिगानं मोकळी होतात आणि स्कॉटलंडपासून आपल्या देशापर्यंत सगळीकडं जातात. अमेरिकी पांढऱ्या ओकातून व्हॅनिलासारखा आणि ओल्या खोबऱ्यासारखा वास उतरतो. ही झाली वीण. वाइनचं पिंप बहुतेक २२५ लिटरच्या आसपासचं. ते जाळत नाहीत, मंद आचेवर शेकतात. त्याच्या फळ्यांत काही लिटर वाइन मुरलेली राहते. वर कोणी काही ओतलेलं नसतं, पण व्हिस्की आत गेली की ती मुरलेली वाइन, तिचा रंग, तिचा आंबटपणा आणि तिचा तुरटपणा हळूहळू ओढून घेते. तुमचा 'वाइन मिसळतात का' हा प्रश्न म्हणून भाबडा नाही. बरणीतलं लोणचं संपल्यावर तिच्यात शेंगदाणे ठेवले तर शेंगदाण्यांना लोणच्याचा वास लागतोच, पण म्हणून कोणी शेंगदाण्यात लोणचं मिसळलं असं होत नाही.

ही कल्पना फार जुनी नाही. पिंपं पूर्वीही बदलत, पण मुद्दाम दुसऱ्या पिंपात हलवायचं आणि तेच बाटलीवर मिरवायचं, हे १९८० नंतरचं. स्कॉटलंडच्या बॅल्व्हेनी डिस्टिलरीच्या डेव्हिड स्टुअर्ट यांचं नाव त्यात पहिलं घेतात. त्यांची डबलवुड १९९३ साली आली, बर्बननंतर शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातली. पुढं तिथल्याच ग्लेनमोरँजीनं पोर्ट या पोर्तुगीज वाइनच्या पिंपांचा माल आणला आणि मग रांगच लागली. तैवानच्या कवलाननं वाइनची पिंपं आतून तासून, शेकून, पुन्हा जाळून वापरली आणि २०१५ साली त्यांच्या 'विन्यो बारीक' या माल्टला वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातल्या सर्वोत्तम सिंगल माल्टचा मान मिळाला. ते तासणं महत्त्वाचं आहे. वाइननं आंबूस झालेला वरचा पापुद्रा निघतो आणि खालचं ताजं लाकूड भाजून वर येतं. आपल्याकडं हरियाणाची इंद्री बर्बन, फ्रेंच वाइन आणि शेरी अशी तिन्ही पिंपं वापरते. या सगळ्यांत काही बाटल्या उत्तम, काहींमध्ये वाइनचा रंग फक्त मधल्या चुका झाकायला. पिंप बदललं म्हणजे मूळ माल सुधारला असं होत नाही, आणि विकणारे हे कधी सांगत नाहीत.

आपल्या हवेचा मुद्दा वेगळा. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के माल हवेत जातो. बंगळूरच्या अमृतकडे हा आकडा १० ते १२ टक्के सांगतात. उष्ण हवेत लाकूड झपाट्यानं उतरतं. चहा उकळत ठेवल्यासारखं. म्हणूनच भारतीय सिंगल माल्टच्या बाटलीवर सहसा वर्षांचा आकडा दिसत नाही आणि त्यावरून तिला कमी लेखू नये. पण त्याच कारणानं वाइनच्या पिंपातला मुक्काम थोडा लांबला तरी तुरटपणा पुढं येऊ शकतो. तुमची पेन्सिल इथून आलेली आहे. अर्धी तरी. उरलेली अर्धी तुमच्या खोलीतून आली, ते पुढं सांगतो.

चाखायला बसताना पहिली अडचण उदगीरचा मे महिना. पुस्तकात 'खोलीच्या तापमानाला' लिहिलेलं असतं ते थंड देशातल्या खोलीचं. आपल्या खोलीत दुपारी ३८ असतं आणि त्या उष्णतेत ग्लासातून सगळ्यात आधी अल्कोहोल वर उठतं, नाकात सुई टोचल्यासारखं. बिचाऱ्या माल्टला बोलायची संधीच मिळत नाही. बाटली फ्रिजमध्ये घालू नका, गारठली की वास बसतात. ग्लास आणि बाटली माठाच्या बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळून तासभर ठेवा, २०-२२ अंशाच्या जवळपास आलं तर उत्तम. रात्री नऊनंतर बसा. आणि कूलर बंद करा. कूलरच्या ताट्यांचा तो ओल्या गवताचा, लाकडाच्या भुशाचा वास आपल्याला प्रिय असतो, पण तो थेट तुमच्या ग्लासात उतरतो. तुमच्या पत्रात 'कूलरसमोर बसून' हे दोन शब्द वाचले तेव्हाच मला पेन्सिलचं कोडं बरंचसं उलगडलं. स्वयंपाकघरात लसणाची फोडणी चालू असेल, देवघरात उदबत्ती असेल, तर तेही निवू द्या. अत्तर नको. तंबाखू तर नकोच.

ग्लास पोटात फुगीर आणि तोंडाशी अरुंद हवा. स्कॉटलंडच्या ग्लेनकेर्न कंपनीचा जो ट्युलिपच्या आकाराचा ग्लास २००१ पासून जगभर चालतो तो ऑनलाइन मिळतो. नसेल तर वाइनचा लहानात लहान ग्लास घ्या. सरळ उभा ग्लास वास पसरवून टाकतो. कटिंग चहाचा तर वर उघडत जातो, त्यात काहीच सापडणार नाही. स्टीलचा पेला हे बोलायचंही कारण नाही. एका स्मॉलची, म्हणजे ३० मिलीची, दोन माणसांत वाटणी केली तरी चाखायला पुरते. ग्लासवर बशी झाकून पाच मिनिटं ठेवा. आमच्याकडे यासाठी काचेच्या गोल चकत्या असत, बशी तेच काम करते.

मग बशी काढून पहिला वास. नाक ग्लासात खुपसायचं नाही. ग्लास हनुवटीच्या पातळीवर धरा, ओठ किंचित उघडे ठेवा, म्हणजे अल्कोहोलचा झोत नाकावर एकटा बसत नाही. वाइनवाले गरगर फिरवतात तसं फिरवू नका, त्यानं अल्कोहोलच आधी वर येतं. दोन-तीन हलके श्वास, मग थांबून स्वतःच्या मनगटाचा वास घ्या. हसू नका, बरेच ब्लेंडर, म्हणजे माल जुळवणारे तज्ज्ञ, हे करतात. नाक एका वासाला मिनिटाभरात सरावतं, आपल्या अंगाच्या वासानं ते परत मूळ जागी येतं.

वासाला नावं देताना इंग्रजी पुस्तकातले ब्लॅकबेरी, प्लम शोधू नका. तुम्ही आयुष्यात ब्लॅकबेरी किती खाल्ल्यात? मला या माल्टमध्ये नीट असताना वर दिसतं ते पिकलेलं जांभूळ आणि भिजवलेल्या काळ्या मनुका. त्यांच्यामागं ओलं खोबरं आणि जायफळाची पूड. एकदा गुळाच्या गुऱ्हाळातली काकवीही आली होती, पण ती डिसेंबरातली रात्र होती आणि शेजारच्या शिवारात खरंच गुऱ्हाळ चालू होतं, तेव्हा त्यावर फार विसंबू नका. तुम्हाला कुंथलगिरीचा खवा दिसला, जालन्याच्या मोसंबीची साल दिसली, तर तेच लिहा. वासाचा कोश ज्याचा त्याचा असतो.

आता तोंडात. पहिला घोट तीन-चार मिलीचा, म्हणजे पोह्याच्या चमच्यापेक्षाही कमी. त्यावर मत बनवायचं नाही. तो फक्त तोंडाला ओळख करून द्यायला असतो, जसं पहाटेच्या गार पाण्यात आधी पाय घालतात. जीभ भाजते, लाळ सुटते. गिळा, अर्धा मिनिट थांबा. तुम्ही इथंच फसलात. पहिला घोट, तोही मोठा, तोही ३८ अंशांत, आणि त्यावरून निकाल. दुसरा घोट खरा. तो जिभेवर पसरवून आठ-दहा सेकंद धरा आणि आपल्या सहा रसांच्या हिशेबानं मोजा. गोड कुठं लागतं, आंबट कुठं, तिखट म्हणजे अल्कोहोलचा चटका किती, कडू शेवटी येतं का, तुरट किती आणि कुठं. खारट बहुतेक नाहीच. आमच्या टेबलावर हाच माझा छुपा तक्ता होता. इंग्रजी फॉर्मवर तुरटला वेगळा रकानाच नव्हता आणि वाइनच्या पिंपाचा अर्धा निकाल त्याच रकान्यात असतो.

मला ती नीट असताना सुरुवातीला गोडसर लागते, मध्ये मिरी आणि लवंग, आणि शेवटाकडं हिरड्यांवर तुरटपणा चढतो, कोरा चहा दुसऱ्यांदा उकळल्यासारखा किंवा जांभूळ खाल्ल्यावर जीभ बसते तसा. गोडसर म्हणताना एक खुलासा. ऊर्ध्वपातनात साखर वर येत नाही, पिंपातून येते ती नाममात्र. हा गोडवा बराचसा वासाचा आणि अल्कोहोलचा आभास असतो. शुगर असलेल्यांनी 'गोड नाही म्हणजे चालेल' असा उलटा अर्थ काढू नये. डॉक्टरांनी नको म्हटलं असेल तर नुसता वास घेतला तरी निम्मं काम होतं, मी हल्ली तेच करतो.

मग पाणी. तुमच्या जिल्ह्याला पाण्याची किंमत मी काय सांगणार? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी लातूरला आलं ते सगळ्या देशानं पाहिलं. पण इथं प्रश्न प्रमाणाचा नाही, जातीचा आहे. बोअरचं जड पाणी व्हिस्कीत घातलं की क्षारांची खडूसारखी चव तुरटाला येऊन चिकटते. आरओचं किंवा सीलबंद बाटलीतलं पाणी घ्या, ग्लासाइतकंच गार. माठाचं पाणी प्यायला अमृत, पण त्याचा मातीचा वास इथं आगंतुक ठरतो. आधी ते पाणी नुसतं पिऊन बघा. त्याला स्वतःची चव लागली तर ते बाद.

घालताना बाटलीनं ओतू नका. मेडिकलमधून पाच मिलीची सिरिंज आणा, सुई नको म्हणा. हिशेब सोपा आहे. तुमची बाटली ४५ टक्के अल्कोहोलची. ३० मिलीत ५ मिली पाणी घातलं की ती साडेअडतीसच्या जवळ येते. १५ मिली घातलं की बरोबर ३०. आणि साडेसदतीस मिली, म्हणजे व्हिस्कीपेक्षा जास्त पाणी घातलं की २०. या २० टक्क्यांवर ब्लेंडर मंडळी नमुने हुंगतात. जावईबापूंना हे जरूर सांगा. ज्या माणसाच्या सहीनं त्यांची लाडकी बाटली बाजारात येते, तो स्वतः ती भरपूर पाणी घालून तपासत असतो. प्यायला मात्र २० टक्के फिकं लागतं. ते तपासणीचं पाणी, पिण्याचं नव्हे.

इथले सगळे आकडे ३० मिली व्हिस्कीचे, वाटणी केली असेल तर पाणीही निम्मं. पहिल्यांदा अडीच मिली घाला, हलकं हलवा, झाकून दोन मिनिटं थांबा. पुन्हा वास. पाणी नेमकं काय करतं यावर स्वीडनच्या ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ साली संगणकावर रेणूंचा अभ्यास केला. ग्वायकॉल हा धुरकट वासाचा रेणू ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात द्रवाच्या पृष्ठभागाशी, हवेजवळ जमतो. ५९ टक्क्यांच्या वर तो अल्कोहोलच्या गराड्यात आत दडून बसतो. त्यांनी मोजला तो एकच रेणू, आणि तो वाइनचा नव्हे, हे ध्यानात ठेवा. पण जे आमच्या टेबलावर नाकानं रोज दिसायचं त्याच्याशी ते जुळतं: पाण्यानं वास पातळ होण्याऐवजी आधी वर येतो, आणि मग एका हद्दीनंतर पातळ होतो. ती हद्द शोधणं हाच खेळ. साठ टक्क्यांच्या आसपासच्या कास्क स्ट्रेंग्थ, म्हणजे पिंपातून पाणी न घालता भरलेल्या, मालात पाण्यानं दार उघडल्यासारखं होतं. तुमच्या ४५ ला तेवढा चमत्कार दिसणार नाही, फरक बारीक असेल.

आता इथं धुणं सुरू होतं. पाच मिलीला चटका उतरला की वीण दिसायला लागते. मला तिथं व्हॅनिला मोकळी होते, जवाचा भाजलेला, बिस्किटासारखा वास पहिल्यांदा कळतो, आणि जांभूळ थोडं मागं सरून मनुकांशी जुळवून घेतं. हे चांगलं लक्षण. रंग सुतात मुरलाय. वाईट लक्षण कसं असतं? पाणी पडताच वाइन एकीकडं जाते, आंबूस, शिळ्या द्राक्षासारखी, आणि खाली कच्चं, टोचरं अल्कोहोल उघडं पडतं. दोन अनोळखी माणसं एका बाकड्यावर बसल्यासारखी. मी अशा महागड्या बाटल्याही पाहिल्यात, नीट असताना झकास, पाच मिलीला उघड्या.

एक गंमत मात्र होते, तिनं गोंधळू नका. पाण्यानं तिखट कमी होतं, पण तुरट कधी कधी वाढल्यासारखं वाटतं. अल्कोहोल स्वतः थोडा गोडवा आणि जाडी देतं, तुरटावर पांघरूण घालतं. ते पांघरूण पातळ झालं की लाकूड उघडं दिसतं. म्हणून तुमच्या पेन्सिलचा खरा निवाडा दहा मिलीच्या पाण्यावर करा. तिथंही हिरड्या कोरड्या पडल्या आणि मागं फळ उरलंच नाही, तर पिंपानं जास्त घेतलंय, तुमची तक्रार खरी. तिथं तुरटामागून जांभूळ परत आलं, तर तक्रार खोलीची आणि कूलरची होती. माझ्या तोंडाला या माल्टची बैठक पाच आणि सात मिलीच्या मध्ये आहे. १५ मिलीला ती पाणचट होते, मनुका जातात आणि नुसता सुपारीचा तुरटपणा शिल्लक राहतो. तुमचं तोंड वेगळं असेल.

पाणी घातल्यावर एखादी माल्ट जराशी धूसर झाली तर दचकू नका. गार गाळणी न केलेल्या मालातले तेलकट घटक अल्कोहोल कमी झालं की विरघळलेले राहत नाहीत, एवढंच. भेसळ नाही.

सोड्याबद्दल. बुडबुडे वास एकदम उधळून देतात, दोन मिनिटांत ग्लास रिकाम्या घरासारखा होतो, आणि सोड्याची आंबट-टोचरी धार तुरटाशी मिळून कडू होते. साध्या बर्बनच्या पिंपातल्या माल्टला मी उन्हाळ्यात सोडा माफ करतो, वाइनच्या पिंपाला नाही. बर्फ वास गोठवतो आणि वर किती पाणी सुटलं याचा हिशेब आपल्या हातात राहत नाही. मे महिन्यात जीव कासावीस होतो हे मान्य. त्यासाठी तुमची नेहमीची बाटली आहेच.

चखण्याला चाखताना सुट्टी. ठेचा, शेव, कांदा-लिंबू यातलं काहीही आधी तोंडात गेलं की पुढचा अर्धा तास जीभ बहिरी. नंतर खुशाल. मीठ न लावलेले भाजके शेंगदाणे सगळ्यात सुरक्षित, थंडीत कोवळा हुरडा असेल तर त्याचा दुधाळ गोडवा या तुरटाला फार छान सांभाळतो. संभाजीनगरचा नान खलिया मी एकदा जोडीला घेतला. मसाला जिंकला, व्हिस्की हरली, मला वाईट वाटलं नाही.

बाटली उभी ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर इतकं कडक अल्कोहोल बूच खातं. कपाटात, अंधारात, गच्चीलगतच्या तापणाऱ्या भिंतीपासून लांब. तळाशी पावभर उरली की महिन्या-दोन महिन्यांत संपवा, वाइनचा फळांचा थर हवेनं सगळ्यात आधी विटतो. परवान्याचं तुम्हाला माहीतच असेल, आणि धाकट्या चिरंजीवांना पंचवीस पूर्ण होईपर्यंत आपल्या राज्यात कडक दारू चालत नाही, तेव्हा त्यांना वासावरच ठेवा.

राहिला जावयांचा प्रश्न. वाद घालू नका, आमच्याकडे वाद मिटवायची जी रीत होती ती करा. तीन सारखे ग्लास घ्या. लेकीला आत जाऊन भरायला सांगा: एकात नीट, एकात ५ मिली पाणी, एकात १५. प्रत्येकात व्हिस्की तेवढीच, ३० मिली. ग्लासच्या बुडाला तिनं खुणा करायच्या आणि वर बशा झाकून बाहेर आणायचे. तुम्ही दोघांनी फक्त हुंगायचं, प्यायचं नाही, आणि ज्यात सगळ्यात जास्त वास सापडतो तो ग्लास निवडायचा. बुडाची खूण बघायच्या आधी दोघांचंही उत्तर कागदावर घ्या. तोंडी उत्तरं आमच्या साहेबांनीसुद्धा बदललेली आहेत.